पाठकोरे

रफ वही आमच्याकडे कधी विकत आणली नाही.
टेबलाखालच्या टोपलीत आठवडाभराचे पाठकोरे साठायचे,
शनिवारी कुंभोजकर पी. ए. टाचण्या उपटून, भोकं पाडून
दोऱ्यात ओवून द्यायचे,
"घ्या ताईसाहेब, गणितं करा."
ताईसाहेब तेव्हा तिसरीत होत्या,
समोरचे दोन दात पडलेले.

विश्रामबागेतल्या त्या घराच्या पायरीवर
सकाळी सातलाच चपला.
मला चपलांवरून गाव ओळखता यायचं:
काळी चिकट माती म्हणजे वाळवा,
पांढरा फुफाटा म्हणजे जत,
आणि अंगठ्याजवळ पिवळा डाग
म्हणजे मार्केट यार्डातला हळदीचा हमाल.
माणसांचे चेहरे मात्र आठवत नाहीत.
मी कमरेइतकीच उंच होते.

'साहेब दौऱ्यावर आहेत'
हे माझं पहिलं पाठांतर, पाढ्यांच्याही आधीचं.
फोन ठेवला की न्हाणीघरातून साबणाचा वास यायचा,
आणि आई आतून विचारायची, "कोणाचा होता?"
तीही त्यांना साहेबच म्हणायची.

सत्काराचे नारळ संपता संपत नसत,
आमटीत नारळ, भाजीत नारळ, डब्यात रोज वडी.
शाली तर इतक्या, की मागच्या दारी व्यालेल्या कुत्रीलाही
जरीकाठाची होती एक.

सभेत ते म्हणायचे, "तुमच्या लेकी त्या माझ्या लेकी."
मी स्टेजमागे खुर्चीवर, पाय लोंबकळत,
मैदानातल्या परकऱ्या मोजायची.
भागाकार मला तिथेच समजला असणार.

शाळेत आमचा बाक तिघींचा. बोलायचो तिघी.
छडी दोघींना.
माझ्यापाशी आले की मास्तर घड्याळ बघायचे.
सिंधू ऐवळे तळहात काखेत दाबायची
आणि माझ्याकडे बघायची नाही.
तिचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं,
ळ असा काढायची, जशी दोन बोरं एका देठाला.

चौथीत, पावसाळ्यानंतर कधीतरी,
तीन अंकी भागाकार करताना
पेन्सिल रुतली, कागद फाटला.
बाकी सात आली होती. भोकातून पलीकडचं दिसलं
म्हणून उलटला.

'मा. साहेबांचे सेवेशी,
अर्जदार महादेव तुका ऐवळे, हमाल.
पत्नीस मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
खाट मिळणेबाबत.'
खाली निळा अंगठा, त्याच्या कडेला हळद.
आणि प्रत्येक ळ म्हणजे दोन बोरं.

हे तिने माझ्या शेजारी बसून
मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मी सगळी गणितं खोडली. रात्री नऊपर्यंत.
भोकाला मागून भाताचं शीत लावलं,
आणि साहेबांच्या टेबलावर, चष्म्याखाली,
अर्ज ठेवून आले.
बोलले नाही. जेवणाच्या ताटावर त्यांच्याशी बोलायला
चार माणसं आधीच बसलेली होती.

दोन शनिवारांनी तो परत आला,
दोऱ्यात ओवलेला,
आता वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक, शिक्का,
कुंभोजकरांची सही.
काम झालं होतं की कागद फक्त पुढे सरकला होता,
हे विचारायचं कोणाला, मला ठाऊक नव्हतं.
खरं सांगायचं तर
विचारायची भीती वाटली.

आता धाकटा साहेब झालाय.
अर्ज त्याच्या मोबाईलवर येतात,
तो वर सरकवत राहतो, जेवता जेवता,
बरा आहे तसा, उत्तरं देतो, हात जोडल्याचं चित्र पाठवतो.
त्या अर्जांना पाठच नसते.
उलटून बघायची सोय नाही.

सिंधू दिवाळीच्या सुट्टीनंतर आली.
वेणी वाकडी होती, एक बट सुटलेली,
स्वतःची स्वतः घातल्यावर पडते तशी.
बाकावर सरकून बसली,
भूमितीत चुकली, खोडरबर मागितलं.
मी दिलं.
तिने ते दोन बोटांत धरून पाहिलं,
नखाएवढं उरलेलं.
"नवीनच होतं की गं," ती म्हणाली,
"एवढं कशानं झिजलं?"